थांबाकाकांचा कोपरा

माझ्या ताईच्या नवऱ्याला आमच्या भागात कोणी नावाने हाक मारत नाही. शाळेतल्या पोरांपासून पेन्शनरांपर्यंत सगळे त्यांना थांबाकाका म्हणतात. मी मात्र भावोजीच म्हणते. थांबाकाका म्हटलं की ते खूश होतात, आणि मेहुणीने भावोजींना उगाच खूश करू नये अशा मताची मी आहे.

धंदा किल्ल्या बनवण्याचा. आमच्या चौकाच्या कोपऱ्यावर, फुटपाथच्या अगदी कडेला, त्यांची पत्र्याची हिरवी टपरी होती. आत एक स्टूल, किल्ल्या कापायचं यंत्र, कानशींचा डबा आणि भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. समोर मोठी खिडकी, तिच्यातून लोक रस्ता ओलांडायला जिथे उतरतात ती जागा दिसायची. पाठीमागे उताराचा रस्ता. त्यावरून गाड्या खाली यायच्या आणि टपरीला वळसा घालून पुढे जायच्या. त्या बाजूच्या पत्र्याला भावोजींनी स्वतःच्या हाताने एक चौकोनी भोक पाडलं होतं. त्यातून उतार दिसायचा. म्हणजे स्टुलावर बसल्या बसल्या त्यांना येणारी गाडीही दिसायची आणि उतरणारा माणूसही. गाडी जोरात असली की ते आतून ओरडायचे, "थांबा." लोक थांबायचे. गाडी गेली की, "हं, चला." लोक चालायला लागायचे. हे अगदी न चुकता. हातातलं काम चालू, तोंडात खिळा धरलेला, तरी "थांबा" बरोबर यायचं. नाव पडलं ते त्यामुळे.

आता त्यांच्या कामाच्या पद्धतीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीमुळेच घडलं. किल्ली कापून दिली आणि मोकळे झाले, असं भावोजींनी कधी केलं नाही. कुलपात फिरवून बघितल्याशिवाय ते पैसे घ्यायचे नाहीत. कुलूप आणता येण्यासारखं असेल तर आणायला सांगायचे, नसेल तर टपरीचं दार ओढून घेऊन गिऱ्हाइकाबरोबर घरी जायचे. जिने चढायचे. आणि दार उघडलं म्हणून खूश व्हायचे नाहीत. "उघडतात बऱ्याच किल्ल्या," म्हणायचे, "लागते का ते बघायचं." मग दार लावून, कुलूप घालून, किल्ली उलटी फिरवून बघायचे. मी चौकातल्याच दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. तिथल्या औषधांच्या कपाटाची किल्ली त्यांनी करून दिली, तेव्हा एक पेशंट तोंड वासून खुर्चीत पडलेला, डॉक्टर हातात चिमटा घेऊन उभे, आणि भावोजी शांतपणे कपाट उघडताहेत, लावताहेत, पुन्हा उघडताहेत. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मी छताकडे बघत होते.

ताई आणि भावोजींचं घर रस्त्याच्या पलीकडे, दवाखान्याच्याच बाजूला. दुपारी ताई डबा घेऊन रस्ता ओलांडायची आणि दोघं टपरीत बसून जेवायची. स्टूल एकच, त्यामुळे ती स्टुलावर आणि ते उलट्या ठेवलेल्या खोक्यावर. लग्न झाल्यापासून हे चालू होतं. घरी जेवायला काय हरकत आहे, असं मी एकदा विचारलं तर ताई म्हणाली, "घरी हे पेपर वाचतात. इथे बोलतात."

आणि एके दिवशी दुपारी, जेवण आटोपून ताई टपरीतून निघाली आणि रस्त्यावर उतरली, तेव्हा तिला स्कूटरने उडवलं.

टपरीत गिऱ्हाईक होतं, यंत्र चालू होतं, भावोजींची मान खाली होती. "थांबा" आलं नाही. स्कूटरवाला माझ्याच वयाचा गृहस्थ होता. पळून गेला नाही, त्यानेच ताईला उचललं, हॉस्पिटलात आणलं, आणि तिच्या खाटेशी बसून बराच वेळ खालच्या आवाजात काहीतरी सांगत राहिला. मला वाटलं, माफी मागतोय. मी त्याला इतकं बोलले की शेवटी नर्सने मलाच बाहेर काढलं.

मांडीचं हाड मोडलं होतं. ते जुळलं, ताई काठी घेऊन चालायला लागली, मग काठीही सुटली. बाजारात जायची, शेजारणीकडे जायची, जिना चढायची. पण रस्ता ओलांडायची नाही. फुटपाथच्या कडेपर्यंत यायची आणि परत फिरायची. "पलीकडे माझं काय काम आहे?" म्हणायची. डबा मी नेऊन द्यायला लागले. मी डबा ठेवायची आणि दवाखान्यात परतायची. संध्याकाळी डबा घरी यायचा तो अर्धा भरलेलाच.

ताई घाबरली आहे, असं सगळे म्हणत होते. मीही म्हणत होते. आणि भावोजींना वाटत होतं की चूक आपली आहे, आपण मान वर केली नाही. तसं त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही कानस घासत, माझ्याकडे न बघता. त्यानंतर ते या चौकाच्या मागे हात धुऊन लागले.

मी त्यांना ओळखते म्हणून सांगते, हा माणूस लग्नकार्यातसुद्धा भिंतीला टेकून उभा राहणारा. तो नगरपालिकेच्या ऑफिसात जाऊन बसायला लागला. साहेब जेवायला गेलेत, साहेब मीटिंगला गेलेत, साहेब आत्ताच गेले, हे सगळं ऐकून घेऊन दुसऱ्या आठवड्यात पुन्हा हजर. शेवटी रस्त्यावर पांढरे पट्टे आले. मग "सावकाश जा" अशी पाटी आली. मग उतारावर गतिरोधक आला, तो इतका बेताचा होता की गाड्यांना तो लागल्याचं कळायचंही नाही. प्रत्येक वेळी काम झालं की भावोजी घरी जायचे आणि ताईला घेऊन फुटपाथच्या कडेला उभे राहायचे. किल्ली लावून बघायची ना. ताई पट्ट्यांकडे बघायची, पाटी वाचायची, समोरच्या टपरीकडे बघायची आणि म्हणायची, "छान झालंय." आणि परत फिरायची. पालथ्या घड्यावर पाणी.

मग त्यांच्याच खेपांमुळे नगरपालिकेतून रस्त्यांच्या इंजिनिअर बाई आल्या. माझी अशी खात्री की ही गाडीतून उतरणार नाही, काच खाली करून चार गोष्टी सांगेल आणि जाईल. उंटावरून शेळ्या हाकणारे आम्ही पुष्कळ पाहिलेत. पण बाई उतरल्या. सकाळभर उन्हात उभ्या राहिल्या. कधी उतारावर, कधी पट्ट्यांवर, कधी माझ्या दवाखान्याच्या पायरीवर. पाणी दिलं तर प्यायल्या. शेवटी टपरीशी आल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही एवढं केलंत म्हणून हे काम पुढे आलं. आपण इथे फुटपाथ पुढे वाढवू, म्हणजे ओलांडायचं अंतर कमी होईल. पण त्याआधी कोपरा मोकळा करावा लागेल. ही टपरी इथून हलवावी लागेल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

भावोजींना राग आलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. ते ओरडले नाहीत. यंत्र बंद केलं, खिडकीतून बाहेर वाकले आणि म्हणाले, "बाई, मी इथे बसतो म्हणून इथली माणसं जिवंत आहेत. विचारा कुणालाही."

विचारायची गरजच पडली नाही. तोपर्यंत औषधवाला बाहेर आला होता, भाजीवाली आली होती, मी तर आलेच होते. औषधवाला म्हणाला, दोष टपरीचा नाही, लोकांच्या बेशिस्तीचा आहे. त्याच्या दुकानाची भली मोठी पाटी फुटपाथवर मधोमध उभी होती, ती त्याला दिसली नाही. भाजीवाली म्हणाली, काका गेले तर आमच्या पोरांना शाळेला जाताना कोण थांबवणार? तिची खोकी रस्त्यावर उतरली होती. आणि मी काय म्हणाले ते लिहीत नाही. कालपरवा नोकरीला लागलेली, आमच्या अंगणात येऊन आम्हाला शहाणपण शिकवते, अशा अर्थाचं काहीतरी होतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग भावोजी म्हणाले, "कागदावर काहीही काढता येतं. तुम्ही लावून बघितलंय का? प्रत्यक्ष?"

"हो," बाई म्हणाल्या. "येताना माझ्या गाडीतून बघितलं. मग परत वर जाऊन पुन्हा बघितलं. काका, तुम्ही बघितलंय का?"

बाईंनी नमस्कार केला आणि गेल्या. आम्ही तिघं आपण जिंकल्यासारखे एकमेकांकडे बघत राहिलो. भावोजी मात्र पत्र्यातल्या त्या चौकोनी भोकाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी दवाखाना उघडत होते तेव्हा ते आले. "जरा खाली ये. ताईसारखी चाल."

"म्हणजे कशी?"

"टपरीतून निघून रस्त्यावर उतरतेस तशी. पाववाला गाडी घेऊन येतोय. मी त्याच्या शेजारी बसतो."

"आणि त्याने मला उडवलं तर?"

"पाय ब्रेकवरच ठेवणार आहे तो. तुझ्यासारखी मेहुणी दुसरी मिळायची नाही."

असं गोड बोलून हा माणूस आपला बळीचा बकरा करतो. पण गेले. पावाच्या गाडीचा ड्रायव्हर भला माणूस, त्याच्या दुकानाच्या शटरची किल्ली भावोजींनीच केलेली. गाडी वर उतारावर गेली. मी टपरीशेजारी उभी राहिले. माझ्या अंगावर लालभडक स्वेटर होता. गाडी सुटली तशी मी कडेला आले आणि रस्त्यावर पाऊल टाकलं. गाडी मुंगीच्या पावलाने येत होती, तरी थांबली ती माझ्यापासून हातभर अंतरावर. ड्रायव्हर घाबरून हसला. भावोजी हसले नाहीत. काचेतून माझ्याकडे बघत होते, जणू मी कुणी दुसरीच बाई आहे.

"पुन्हा," ते म्हणाले.

गाडी पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. या वेळी मी फक्त कडेला उभी होते, पुतळ्यासारखी. गाडी पुढे येऊन थांबली. भावोजी उतरले, टपरीच्या मागच्या पत्र्यावर हात ठेवून उभे राहिले.

"तू कुठे उभी होतीस?"

"इथेच."

"दिसली नाहीस," ते म्हणाले. "स्वेटरसुद्धा दिसला नाही. मघाशी तर एकदम बॉनेटसमोर आलीस."

टपरीत बसून त्यांना सगळा चौक दिसत होता, गाडी आणि माणूस दोन्ही. म्हणून त्यांना कधी वाटलंच नाही की ते दोघं एकमेकांना दिसत नसतील. ज्यांना ते आयुष्यभर "थांबा" म्हणत आले, त्यांना थांबवायची पाळी त्यांच्याच टपरीमुळे येत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ही म्हण मी त्यांना तिथल्या तिथे ऐकवणार होते. त्यांचा चेहरा बघून गिळून टाकली.

त्या दिवशी त्यांनी यंत्र चालू केलं नाही. गिऱ्हाइकं आली, त्यांना उद्या या म्हणाले. नुसते स्टुलावर बसून होते आणि कोणी उतरलं की "थांबा" म्हणत होते, गाडी येत नसली तरी.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबरच घरी गेले. खरं सांगायचं तर मला ताईची काळजी वाटत होती. ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती. भावोजी चपला न काढताच आत गेले आणि दाराशी उभे राहिले.

"मला तुला सांगायचं आहे," ते म्हणाले. "तू पडलीस त्या दिवशी मी मान वर केली असती तरी... त्या स्कूटरवाल्याला तू दिसलीच नसणार. टपरीने तुला झाकलं होतं. आज गाडीत बसून बघितलं मी."

ताईने हात थांबवले नाहीत. कणकेचा गोळा एकदा उलटा केला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तो हॉस्पिटलात तेच सांगत होता. बाई, तुम्ही टपरीआडून एकदम आलात. रडत होता बिचारा."

मी पाटावर बसले ती तशीच बसून राहिले. भावोजी म्हणाले, "अगं, मग बोलली का नाहीस? मी वर्षभर त्या ऑफिसात..."

"म्हणूनच नाही बोलले." आता ताईने हात थांबवले. "पहिल्या दिवशी म्हटलं, बरी झाल्यावर सांगू. मग तुम्ही धावपळ करायला लागलात. पट्टे आले, पाटी आली. प्रत्येक वेळी मला हौसेने बघायला न्यायचात. कोणत्या तोंडाने सांगू, की अहो, हे सगळं ठीक आहे, पण तुमची टपरीच मधे येते? सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही ती उपटून टाकली असतीत. त्या कोपऱ्यावर तुमचं आयुष्य गेलंय. म्हटलं, बाकीच्यांना तुम्ही थांबवता. मी एकटी नाही ओलांडला रस्ता तर काय बिघडलं?"

"जेवण बिघडलं माझं," भावोजी म्हणाले.

आणि हा माणूस, ज्याला मी आमच्या आईच्या अंत्यविधीलाही रडताना पाहिलं नव्हतं, तो स्वयंपाकघराच्या दाराला डोकं टेकून रडला. ताईचे हात पिठाने भरलेले, त्यामुळे तिने त्यांच्या पाठीवर कोपर टेकवलं. मी गॅसखालची भांडी उगाच इकडची तिकडे केली. आम्ही सगळे ताईला भित्री म्हणत होतो, आणि ती नवऱ्याचा कोपरा राखत बसली होती.

नगरपालिकेची नोटीस यायला अजून वेळ होता. भावोजींनी वाट पाहिली नाही. सुट्टीचा दिवस धरून त्यांनी टपरीचे स्क्रू स्वतः काढायला सुरुवात केली. माणसं जमली. भाजीवाली म्हणाली, "काका, जरा थांबा, एवढी घाई काय आहे?" त्या चौकात थांबाकाकांना कोणी थांबा म्हणण्याची ती पहिलीच वेळ. ते थांबले नाहीत. दुपारपर्यंत पत्रे उतरले. गंजलेल्या चौकटीच्या जागी फुटपाथवर एक पांढुरका चौकोन उरला. मग औषधवाला बाहेर आला आणि आपली पाटी उचलून आत घेऊन गेला. संध्याकाळी भाजीवालीची खोकीही मागे सरकली.

इंजिनिअर बाई शब्दाला जागल्या. कोपऱ्यावरचा फुटपाथ पुढे आला, गोल झाला, कडेला बुटके खांब रोवले गेले. पट्टे थोडे सरकवून नव्याने रंगवले. काम चालू असताना बाई आल्या, तेव्हा मी खाली जाऊन त्यांना चहा दिला. मागचं बोलणं दोघींनीही काढलं नाही. त्यांनी दुसरा कप मागितला, तेव्हा समजले की मिटलं.

भावोजींना नवी जागा मिळाली ती टपरीच्याच बाजूला, औषधवाल्याच्या मागच्या गल्लीत, एका इमारतीच्या जिन्याखाली. खिडकी नाही. दिवसासुद्धा दिवा लावून बसावं लागतं. रस्ता दिसत नाही, माणसं दिसत नाहीत, दिसतात ती जिना चढणाऱ्यांची पावलं. गिऱ्हाईक कमी झालं, कारण किल्ली हरवलेला माणूस आधीच वैतागलेला असतो, तो गल्लीबोळ शोधत बसत नाही. भावोजींनी याबद्दल चकार शब्द काढलेला मी ऐकला नाही. मी बरीच माणसं पाहिली आहेत. दवाखान्याच्या काउंटरवर माणसाचं खरं रूप दिसतं, दात दुखत असताना कोणी नाटक करत नाही. आपण ज्या गोष्टीसाठी भांडलो तीच आपल्या अंगावर आली, की बहुतेक माणसं भांडणाचा विषय बदलतात. या माणसाने स्क्रूड्रायव्हर काढला. मला त्यांचा अभिमान वाटतो, आणि हे मी त्यांना सांगणार नाही.

चौक तयार झाला तरी भावोजींनी या वेळी ताईला बघायला नेलं नाही. "तिला वाटेल तेव्हा," एवढंच म्हणाले. डबा मीच नेत होते.

मग एका दुपारी मी डबा आणायला निघणार, तेवढ्यात दवाखान्याच्या खिडकीतून मला ताई दिसली. हातात डबा, ठेवणीतली साडी. आमच्या बाजूच्या फुटपाथच्या कडेवर उभी. उतारावरून एक गाडी येत होती. कोपरा मोकळा असल्यामुळे ताईला ती दुरूनच दिसली, आणि ताई तिला दिसली. गाडी हळू झाली, पट्ट्यांच्या अलीकडे थांबली. आतल्या माणसाने हाताने, जा, अशी खूण केली. ताईने पदर सावरला आणि रस्ता ओलांडला. घाई केली नाही. मी एका पेशंटला "दहा मिनिटं कळ सोसा" म्हणून खाली पळाले.

मी गल्लीत पोहोचले तेव्हा भावोजी पाठमोरे होते, यंत्र चालू होतं. ताईने डबा त्यांच्या कोपराशी ठेवला. त्यांनी मान वळवली, मग तिच्या मागे बघितलं.

"कोणाबरोबर आलीस?"

"कोणाबरोबर येणार? उठा, स्टूल द्या मला."

त्यांनी यंत्र बंद केलं. खोकं उलटं केलं. मी जिन्याच्या पायरीवर बसले, मला कोणी जा म्हटलं नाही आणि बसही म्हटलं नाही. दोघं जेवली. डबा पुसून ताई उठली, तसे भावोजीही उठले आणि पायाने चपला शोधायला लागले.

"तुम्ही कुठे निघालात?"

"सोडतो चौकापर्यंत."

"बसा," ताई म्हणाली. "येताना उघडली. आता लागते का, ते मला बघू दे."

ती गेली. गल्लीच्या तोंडाशी वळली आणि दिसेनाशी झाली. तिथून चौक दिसत नाही. भावोजी स्टुलावर बसले, हातात अर्धी कापलेली किल्ली घेतली, पण यंत्राचं बटण दाबलं नाही. मीही काही बोलले नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना कळेल की ते किती अवघड होतं. वरच्या मजल्यावर कोणीतरी नळ सोडला, तो बंद केला. मग त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी कानाला लावला, "हं" म्हणाले आणि ठेवून दिला.

"काय म्हणाली?"

"लागते म्हणाली," भावोजी म्हणाले, आणि त्यांनी यंत्र चालू केलं.